घर दाखवणारा मिळाला नाही

काशीदला शनिवार-रविवारी सुरूच्या बनात पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी सकाळी मात्र किनारा आमचा असतो. गेल्या डिसेंबरातल्या अशाच एका सोमवारी पुतण्याच्या होमस्टेत उतरलेली एक मुलगी ओट्यावर चहा घेत बसली होती. जन्म ठाण्याचा, नवव्या वर्षापासून लंडनला. मराठी स्वच्छ, फक्त ‘ळ’ला जरा अडखळायची. तुम्ही काय करत होतात म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, कोर्टात बेलिफ होतो, एकतीस वर्षं.

“मग आपण एकाच घरचे, काका. मी बॅरिस्टर आहे. फक्त डिस्क्रिमिनेशनच्या केसेस करते.”

“फक्त?”

“फक्त. रंगावरून, धर्मावरून, बाई म्हणून, अपंग म्हणून, वय झालं म्हणून कोणाला डावललं तर.”

“आणि तेवढ्यावर पोट भरतं?”

“घराचा हप्ता जातो,” ती म्हणाली.

मला खरंच नवल वाटलं. आमच्याकडे मोटार अपघाताचा वकील असतो, चेक बाउन्सचा असतो, आणि जमिनीचा तर पायलीला पन्नास. मुंबईचा माणूस काशीदला दोन गुंठे बघायला आला की गाडीतून उतरायच्या आत त्याच्या हातात सर्च रिपोर्टवाल्या वकिलाचं कार्ड पडतं. पण ‘भेदभावाची कामे घेतली जातील’ अशी पाटी मी अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कधी वाचली नाही. आणि भेदभाव तर आमच्या किनाऱ्यावर भरतीसारखा, वेळापत्रक लावून येतो. त्याला आम्ही ‘वाळीत टाकणं’ म्हणतो.

तिला मी एक जुनी गोष्ट सांगितली. तीच इथं लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही, कोर्टाचंही नाही. गाव काशीद नव्हे, एवढं सांगतो.

२००९ सालची गोष्ट. एका माणसानं देवस्थानच्या जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब गावकीच्या बैठकीत मागितला. हिशेब मिळाला नाही, वाळीत मात्र टाकलं. त्या घराशी जो बोलेल त्याला दंड. त्यांच्या मयताला जायचं नाही, लग्नाला गावकीची भांडी द्यायची नाहीत, पालखी त्यांच्या दारापुढून न थांबता जाईल. वर गावकीच्या पंचांनीच त्याच्यावर थकलेल्या वर्गणीच्या वसुलीचा दिवाणी दावा ठोकला. त्या दाव्याचं समन्स बजावायला मी गेलो.

बजावणीचा एक नियम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ५, रूल १८. समन्स कधी दिलं, कसं दिलं, ज्याला दिलं तो हाच माणूस हे कोणी दाखवलं, आणि देताना कोण हजर होतं, त्यांची नावं-पत्ते बेलिफानं समन्सच्या पाठीवर लिहायचे. म्हणून परक्या गावात गेलं की आम्ही घर दाखवणारा शोधतो. मी यष्टीतून उतरून पिंपळाच्या पारावर विचारलं. पारावर चार जण होते. एकानं तंबाखू थुंकली आणि म्हणाला, माहीत नाही. दुसरा म्हणाला, असं कोणी गावात नाही. किराणा दुकानदारानं नाव ऐकलं आणि बरणीचं झाकण लावायला लागला, ते लावतच राहिला. शाळेजवळ एक पोर म्हणालं, “मला म्हायतीय.” त्याच्या आईनं त्याला दंडाला धरून घरात ओढलं.

शेवटी वादीचा माणूस आला. म्हणजे ज्या पंचांनी दावा लावला होता त्यांच्यातलाच एक. समन्स त्याच्याच दाव्याचं, वेळेत बजावलं जावं अशी गरज त्याचीच. तो माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आला. तिथं थांबला. पुढं पन्नास पावलांवर एक कौलारू घर होतं. त्यानं हात वर केला नाही, नावही घेतलं नाही. हनुवटी जरा उचलली. बस्स. मी म्हटलं, अहो, साक्षीदार म्हणून सही करायला दारापर्यंत तरी चला. तो म्हणाला, “तुम्ही सरकारी. तुम्हाला चालतंय.”

घरधनी ओट्यावर जाळं विणत होता. त्यानं समन्स हातात घेतलं, वाचलं, निमूट सही केली. बाईनं पाण्याचा तांब्या आणला आणि चहाचं आधण ठेवलं. मी नको म्हणालो, तर ती म्हणाली, “घ्या हो. चार महिन्यांत आमच्या ओट्यावर चढलेलं माणूस तुम्हीच पहिलं. आणि आणलंत काय, तर समन्स.”

साक्षीदार म्हणून सही करायला भंगार गोळा करणारा एक परगावचा माणूस मिळाला. मी रिपोर्ट लिहिला. त्यातला शब्द न् शब्द अजून पाठ आहे: ‘गावात चौकशी केली असता घर दाखवण्यास कोणी तयार झाले नाही. वादीतर्फे हजर इसमाने विहिरीजवळ थांबून दुरून घर दाखवले, दारापर्यंत येण्यास नकार दिला. सबब परगावच्या इसमाची साक्ष घेतली.’ खाली सही, तारीख, वेळ. तो कागद फाइलला लागला.

पुढं त्या माणसानंही आपला दावा लावला. गावकीनं आम्हाला पाणवठा, स्मशान, देऊळ अडवू नये म्हणून मनाई हुकूम मागितला. त्याचा वकील भला माणूस होता, जमिनीची कामं करणारा. दीड वर्ष तारखा पडल्या. वाळीत टाकल्याचा लेखी ठराव नव्हता, तो कधीच नसतो. साक्षीदार म्हणजे सगळं गाव, आणि तेच सगळं गाव प्रतिवादी. मग एके दिवशी पुरशिस आली, दावा चालवणे नाही. त्यानं गावकीला दंड भरला होता, देवळात नारळ ठेवून माफी मागितली होती. गावकीनंही वर्गणीचा दावा काढून घेतला. फाइल बंद.

हे सांगून झालं तशी ती मुलगी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, “आणि तुम्हाला साक्षीला कोणी बोलावलं नाही?”

“मला? मी बेलिफ.”

“काका, अख्ख्या केसमध्ये गावाचा नसलेला, सरकारी नोकर असलेला, तारीख-वेळ घालून लिहून ठेवणारा एकच माणूस होता. आणि तो कागद समोरच्या बाजूच्या दाव्यात पडला होता, तोही त्यांच्याच माणसाच्या वागण्याचा.”

खरं सांगायचं तर त्या सकाळपर्यंत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी हजारो रिपोर्ट लिहिले. वकील लोक त्यात एकच शब्द बघतात, ‘बजावले’ की ‘बिनबजावणी’. त्या वकिलाचा दोष मी काढत नाही. सातबारावर वारसनोंद चुकली असती तर त्याला ती झोपेत दिसली असती. ज्याला जे रोज लागतं तेच त्याला दिसतं. तेवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. भेदभावाचा खटला भाषणानं जिंकला जात नाही. तो अशा किरकोळ कागदानं जिंकला जातो, आणि तो कागद ओळखणारी नजर सवयीनंच तयार होते.

याचा आपल्याच जिल्ह्यातला दाखला महाडला आहे. महाडचं चवदार तळं म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, ओंजळभर पाणी आठवतं. आठवावंच. पण मला, कोर्टातल्या माणसाला, त्याच्या मागचा दिवाणी दावा जास्त ओढतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं सर्वांना खुलं केलं. मार्चच्या सत्याग्रहानंतर तळं ‘शुद्ध’ केलं गेलं, नगरपालिकेनं ठराव फिरवला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातले काही जण १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात गेले आणि १४ डिसेंबरला त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. पहिले प्रतिवादी डॉ. आंबेडकर, ग्रेज इनचे बॅरिस्टर, मुंबई हायकोर्टात वकिली करणारे. तो हुकूम बजावायला कोणी तरी बेलिफ गेलाच असणार. काय वाटलं असेल त्याला! २५ डिसेंबरला माणसं जमली, मनुस्मृती जाळली गेली, पण बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणं थांबवलं आणि लढाई कोर्टात नेली.

ती चालली नऊ वर्षं तीन महिने. महाडच्या कोर्टात १९३१ साली निकाल, ठाण्याच्या जिल्हा कोर्टात १९३३ साली अपील फेटाळलं, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी शेवटचा शब्द लिहिला. (हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. माणसाच्या हातून काय काय निकाल होतात पाहा.) त्या निकालात समतेवर प्रवचन नाही. त्यात तळ्याचं क्षेत्र आहे, चार-पाच एकर. पाणी कुठून येतं ते आहे, थोडं झऱ्यांचं, बरंचसं पावसाचं. तळं १८६९च्या सुमारास नगरपालिकेकडे आलं हे आहे. मुसलमानही ते पाणी वापरत, हे आहे. तळ्याभोवती घरं कोणाची, हे आहे. वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांनी इथं पाणी भरायचं नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट. कोर्टानं म्हटलं, सिद्ध करा. अलीकडं ते लोक पाणी भरत नव्हते एवढंच त्यांना दाखवता आलं. भोवती सवर्णांची घरं उठायच्या आधी हे पाणी आपल्यापुरतं राखायचा प्रयत्न तरी कोणी केला असेल का, अशीही शंका कोर्टानं घेतली. वहिवाट शाबीत झाली नाही, सबब ती अन्यायाची आहे की लोकहिताविरुद्ध आहे या प्रश्नात शिरायचीच गरज नाही, असं म्हणून अपील फेटाळलं.

बऱ्याच जणांना हा निकाल कोरडा वाटतो. मला तो कोरडा आहे म्हणूनच आवडतो. शाबितीचं ओझं कोणावर, यावर सगळं फिरलं. महाडला ते अडवणाऱ्यांवर पडलं आणि त्यांना ते पेललं नाही. माझ्या २००९च्या माणसाला ते स्वतःच्या पाठीवर वाहावं लागलं, आणि तो वाकला.

जाता जाता एक. हा निकाल झाला तेव्हा काशीद मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत नव्हतं. रेवदंड्याच्या खाडीपर्यंत इंग्रजांचा कुलाबा जिल्हा, खाडी ओलांडली की जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य, ते थेट १९४८पर्यंत. आजही कायदा खाडीवर अडकतो असं कधी कधी वाटतं, आता खाडीवर पूल असूनही.

वाळीत टाकण्याविरुद्ध आज कायदा आहे. याआधी मुंबई प्रांतानं १९४९ साली एक केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली रद्द ठरवला. त्यानंतर रायगडातली आणि इतर जिल्ह्यांतली प्रकरणं गाजली, अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी धोशा लावला, आणि महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. जुलै २०१७पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस स्वतःहून दखल घेऊ शकतात. चांगला कायदा आहे, मी त्याचं स्वागत केलं होतं.

पण तो फौजदारी आहे. म्हणजे गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हायला हवा, आणि ती शाबिती करायची कोणाच्या साक्षीनं? पारावरच्या त्या चौघांच्या? ते कोर्टात येतील आणि सांगतील, आम्ही कोणाला वाळीत टाकलं नाही, आमचं बोलणं नाही एवढंच. बोलणं नसणं हा काही गुन्हा नाही. फिर्यादीची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलाच्या टेबलावर त्याच दिवशी दारूबंदीच्या, मारामारीच्या, अपघाताच्या पंचवीस फाइली असतात. तो तरी काय काय वाचणार?

त्या मुलीनं मला तिकडचा नियम सांगितला. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात कलम १३६ आहे. डावललेल्या माणसानं, दुसरा खुलासा नसेल तर भेदभावच झाला असं म्हणता येईल इतपत गोष्टी दाखवल्या, की पुढचं ओझं समोरच्यावर जातं. नाही केला भेदभाव, हे त्यानं दाखवायचं. आणि तिथं हे दावे दिवाणी स्वरूपाचे, भरपाईचे असतात. कोणाला तुरुंगात घालायचं नसल्यामुळे न्यायाधीशाचा हात इतका थरथरत नाही.

तिथल्या कायद्यात ज्या नऊ कारणांवरून भेदभाव करायला मनाई आहे, त्यांत ‘जात’ हा शब्द नाही. तरी बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी मोलकरणीच्या वकिलानं २०१४ साली अपील न्यायाधिकरणाकडून म्हणवून घेतलं की कुळ-जन्मावरून केलेला भेद ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकतो. पुढल्या वर्षी तिला थकलेल्या पगारापोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. तिला तासाला ११ पेन्स मिळत होते. एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द बसवायचा, ही कारागिरी आठवड्यातून एकदा केस करणाऱ्याला जमत नाही.

मी तिला म्हटलं, बाळ, तुमच्याकडं साक्षीदाराच्या आईचं मयत आरोपीनं उचलायचं नसतं. ती म्हणाली, खरंय, पण नोकरी आरोपीच्याच हातात असते, म्हणून ऑफिसातला मित्रही फितूर होतो. म्हणूनच तो नियम आणावा लागला.

आणि हे काही परकं पीक नाही. आपल्याच १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात कलम १२ आहे. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत तसं कृत्य झालं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानंच झालं असं कोर्टानं धरून चालायचं, उलट शाबीत होईपर्यंत. ॲट्रॉसिटी कायद्यात विशेष सरकारी वकील नेमायची सोय आहे, त्यासाठी सात वर्षांची वकिली लागते. पण आमच्याकडची गावकीची बरीचशी प्रकरणं एकाच जातीतली असतात. आगऱ्याला आगरी वाळीत टाकतो, कोळ्याला कोळी, कुणब्याला कुणबी. तिथं हे दोन्ही कायदे हात टेकतात.

गावकी मुळातच वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, सुरू आडव्या झाल्या, पत्रे उडाले, तेव्हा रस्त्यावरची झाडं सरकारी करवत येण्याआधी गावकीनं कापली. मयताला लाकूड, लग्नाला टोप-परात, आजाऱ्याला मुंबईला न्यायला गाडी, हे सगळं गावकी करते. म्हणून तर तिनं हात काढून घेतला की माणूस उघडा पडतो. गावकी मोडा असं मी म्हणत नाही. तिचा हिशेब मागणाऱ्याला कोर्टात खंबीर उभा करा, म्हणतो.

माझं मागणं थोडकं आहे. बहिष्काराच्या कायद्याला दिवाणी भरपाईची भक्कम बाजू जोडा, आणि कलम १२च्या धर्तीचं गृहीतक त्यातही घाला. एकाच दिवसापासून अख्खं गाव एका घराशी बोलायचं थांबलं एवढं दिसलं, की का थांबलं ते पंचांनी सांगावं. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन वकील असे ठेवा की जे बहिष्कार, ॲट्रॉसिटी, कामाच्या जागी बाईचा छळ, अपंगांना नाकारलेली नोकरी, हीच कामं करतील. त्यांना फी नीट द्या. आज मोफत वकील म्हणजे ज्याला दुसरं काम नाही तो, असा लोकांचा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. कोणी म्हणेल, एवढ्या केसेस येतील का? मोटार अपघाताचे वकील आधी झाले की अपघात? अपघात होतेच. वकील तयार झाले तशी माणसं भरपाई मागायला शिकली.

नव्या वकिलांना बेलिफाचा रिपोर्ट वाचायला शिकवतो, एक पैसा नको, असा अर्ज मी एप्रिलमध्ये दिला आहे. उत्तर आलेलं नाही. येईलही.

त्या २००९च्या माणसाला मी दोन वर्षांपूर्वी भेटलो. आता तो गावकीत पंच आहे. मी त्याला विचारलं, हल्ली कोणी वाळीत आहे का रे? तो म्हणाला, “तसं काही नसतं हो आमच्यात.” मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, त्यानं हनुवटी उचलून खाडीकडच्या एका घराकडं दाखवलं.

माझ्या जागी आलेला पोरगा हुशार आहे. हल्ली बेलिफाला मोबाइल असतो, त्यात कोर्टाचं ॲप, दारापाशी गेलं की फोटो काढायचा, लोकेशन आपोआप लागतं. मी त्याला विचारलं, घर दाखवणारा कोण, ते कुठं लिहितोस? तो म्हणाला, “नाना, आता कोणाला विचारावंच लागत नाही. मॅप थेट दारात नेतो.” त्यानं मला कौतुकानं एक फोटो दाखवला. दार, कडी, दाराला चिकटवलेलं समन्स, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. विहीर फोटोत आली नव्हती.